अकरा इसम

वाळूजच्या एका गेटावर सतरा वर्षं
मी लोकांच्या वेळा लिहिल्या.
टाइम ऑफिस म्हणजे काय, तर एक खिडकी,
तिला हात जाईल एवढं भोक
आणि भोकातून आत येणारे हात.
तोंडं मी फारशी पाहिली नाहीत.
हा प्रेस शॉपचा, याचं अर्धं बोट नाही.
हा पेंटचा, हप्ताभर नखांत निळा.

मुंजाजी दुधाटेचा हात पहिल्यांदा आला
तेव्हा तो पिवळा होता.
लग्नाची नव्हे,
वसमतच्या कढईत शिजलेली हळद.
ठेकेदार म्हणाला, सात महिन्यांचा लिहा.
सातच का?
म्हणाला, आठवा लागला की माणसाला मुळं फुटतात,
आणि हसला.
मीही हसलो. चहा त्याचा होता.

सात महिने झाले की ब्रेक.
गाडी चालूच राहायची,
माणूस तेवढा उतरायचा.
मग महिना-दीड महिना कामगार चौकात उभा,
विटा उचलायला, टँकर धुवायला,
कुणाच्या तरी बारशाचा मांडव बांधायला.
आणि पुन्हा माझ्या खिडकीत.
नवा ठेकेदार, नवा नंबर, नवं कार्ड.
'अनुभव' या रकान्यात
मी एक आडवी रेघ मारायचो.

अकरा वेळा मारली.
मधल्या काळात ग्राइंडिंगवर त्यानं शिकवलेलं एक पोरगं
सुपरवायझर झालं
आणि त्यालाच म्हणालं, नवीन का? नीट शिकून घ्या.
मुंजाजी म्हणाला, हो साहेब.
हा माणूस मशीनला कान लावून सांगायचा
कुठली बेअरिंग चाललीय ते.

मग एके दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला:
स्वेच्छानिवृत्ती.
इच्छा वरून टाइप होऊन आली होती,
सही तेवढी माझी.
चेकच्या पैशात रांजणगावला पिठाची गिरणी टाकली.
रजिस्टरं किलोवर गेली.
माझ्या खिडकीत आता अंगठ्याचं मशीन आहे म्हणतात.

परवा मुंजाजी गिरणीवर आला.
दळण नव्हतं.
कॅरीबॅगमध्ये अकरा चिठ्ठ्या.
पीएफच्या ऑफिसातली पोरगी म्हणाली होती,
बाबा, ही तर अकरा माणसं आहेत.

मुंजाजी दुधाटे.
मुंजा दुधाटे.
मंजाजी दुदाटे.
मुंजाभाऊ, आडनाव नाही.
एके ठिकाणी नुसतं एम. डी.
एका चिठ्ठीवर बापाच्या जागी ठेकेदाराचं नाव.
अक्षर माझं.

शिफ्ट बदलायची घाई, बाहेर तीनशेची रांग,
भोंगा, उकाडा, गळकं पेन,
किती कारणं सापडली मला, भराभर.
त्यानं एकही विचारलं नाही.
म्हणाला, 'साहेब, तुमचं अक्षर लई चांगलं होतं.
एक लिहून द्या.'

स्विच बंद केला.
पट्टा फिरत फिरत, उगीच थोडा जास्तच फिरून थांबला.
हातावरचं पीठ झटकून
शंभराच्या बाँडवर लिहायला घेतलं:
मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की
वर नमूद केलेले अकराही इसम
ही एकच व्यक्ती असून तिचे खरे नाव

इथं पेन अडलं.
'नाव नीट सांगा,' मी म्हणालो, 'कानामात्रेसकट.'
पहिल्यांदाच त्याला अहोजाहो केलं, हे नंतर ध्यानात आलं.
तो जरा वेळ कागदाकडं बघत राहिला.
'घरी म्हणतेत तसं सांगू,
का कंपनीत होतं तसं?'

दारात ज्वारीचा डबा कंबरेवर घेऊन एक बाई उभी.
'किती टाइम लागंल हो?'